बगळ्याला दिलेला खरा सल्ला

लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीचं कंत्राट मिळवण्यासाठी तीन भावंडांतल्या मधलीने आपली फी इतकी खाली आणली, की तिच्या भागीदारांनी कॅल्क्युलेटर उपडा ठेवला.

"अगं, एवढ्यात आपल्या ऑफिसच्या चहाचंसुद्धा भागणार नाही. धर्मादाय काढलंयस का?"

"काका, एवढं एक काम घेऊ द्या. पुढच्या वर्षी भरून काढते."

भागीदारांना ती काका म्हणायची. ते कर खात्यातून निवृत्त झालेले, स्वभावाने कडू आणि हिशेबाने सरळ. दोघांचं ऑफिस चष्म्याच्या दुकानावर, चौथ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. काम एकच: नोकरी संपत आलेल्या माणसांना पुढच्या आयुष्याच्या पैशांचा सल्ला द्यायचा. लिफ्ट कंपनीला तिच्या वरच्या अधिकाऱ्यांसाठी असा सल्लागार हवा होता. प्रत्येकाला दोन बैठका, फी कंपनी देणार. काकांनी कपाळाला हात लावला आणि सही केली.

ही कंपनी मधलीला कशाला हवी होती, ते तिने त्यांना सांगितलं नाही.

तिचे बाबा त्याच कंपनीत कारखान्याचे प्रमुख होते. मोठ्या आवाजाचा, हसरा माणूस. कंपनीच्या वसाहतीत राहणाऱ्या पोरांना ते रविवारी चाचणीच्या मनोऱ्यात नेऊन नव्या लिफ्टमधून वरखाली फिरवायचे आणि प्रत्येक मजल्यावर "उतरा, तुमचं सासर आलं!" म्हणून ओरडायचे. थोरली लाजायची, धाकटा खिदळायचा आणि मधली म्हणायची, "मी नाही उतरत, वर न्या."

वरच्या अधिकाऱ्यांच्या पगाराचा एक भाग कंपनी दरवर्षी हातात देत नसे. तो मागे ठेवायचा, साठीला व्याजासकट द्यायचा, कर त्या वेळी भरायचा, अशी योजना होती. अट एक होती. साठीच्या आधी कुणी स्वतःहून राजीनामा दिला, तर मागे ठेवलेलं सगळं कंपनीचं. बाबा या अटीला हसायचे. "मी कशाला सोडतोय? मला इथून उचलूनच न्यावं लागेल."

ते एकोणसाठ वर्षांचे असताना चाचणीच्या मनोऱ्यात एक लिफ्ट घसरली. दोन फिटर जायबंदी झाले. ब्रेकचे पट्टे बदला, म्हणून बाबा प्रत्येक मीटिंगमध्ये घसा कोरडा करत होते आणि कंपनीचा मॅनेजिंग डायरेक्टर प्रत्येक मीटिंगमध्ये खर्च पुढच्या तिमाहीवर ढकलत होता. या डायरेक्टरला सगळा कारखाना बगळा म्हणायचा. पांढराशुभ्र शर्ट, लांब मान, आणि मीटिंगमध्ये तासभर न हलता बसून शेवटी नेमकी चोच मारायची सवय.

अपघातानंतर बगळा स्वतः घरी आला. मधली स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. तिने पाहिलं, की बाबांनी उठून त्याला पंख्याखालची खुर्ची दिली.

"चौकशी बसली तर तुमच्यावर गुन्हा दाखल होईल," बगळा म्हणाला. "या वयात पोलीस, कोर्ट... कशाला? राजीनामा लिहून द्या, प्रकरण इथेच मिटेल."

"आणि माझा मागे ठेवलेला पगार?"

बगळ्याने बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बाकीचं मी बघतो."

बाबांनी सही केली. बगळ्याने बघितलं ते असं: राजीनामा स्वखुशीचा असल्यामुळे अटीप्रमाणे काही देणं लागत नाही, असं कंपनीने कळवलं. बाबा त्याला भेटायला गेले. स्वागतकक्षात संध्याकाळपर्यंत बसले. ज्या वॉचमनच्या मुलीचं लग्न त्यांनी पुढाकार घेऊन जमवलं होतं, तोच शेवटी खाली मान घालून म्हणाला, "साहेब, तुम्हाला आत सोडू नका असं सांगितलंय." अपघाताचं खापर बाबांवर फुटलंच, कारण पळून गेलेल्या माणसासारखे तेच तर नोकरी सोडून गेले होते. त्या वर्षी बगळ्याला चांगल्या कामगिरीबद्दल मोठा बोनस मिळाला.

वसाहतीतलं घर सुटलं. थोरली सासरी होती, धाकटा शाळेत. मधली आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिने कॉलेज सोडलं, विमा कंपनीत चिकटली, रात्रीच्या परीक्षा देत देत सल्लागार झाली. बाबा गप्प झाले. लिफ्टमध्ये पाऊल टाकेनासे झाले. कुठल्याही इमारतीत गेले तरी जिन्याने चढायचे, दर मजल्यावर धापा टाकत उभे राहायचे, आणि कुणी विचारलं तर म्हणायचे, "व्यायाम."

काळ गेला की राग निवतो म्हणतात. मधलीने तो निवू दिला नाही. ती त्याला खाऊपिऊ घालून वाढवत राहिली. उद्योगांच्या मासिकात बगळ्याचा फोटो आला की ती तो नीट बघायची: केस किती पांढरे झाले, घड्याळ कोणतं घातलंय, शेजारी कोण उभं आहे. नवऱ्याने एकदा विचारलं, "कोण गं हा?" ती म्हणाली, "एक माणूस. याचं माझं एक काम राहिलंय."

कंत्राट मिळालं आणि अधिकारी एकेक करून यायला लागले. मधलीने त्यांचं काम चोख केलं. कामाच्या ओघात माणसं बोलतात. खरेदी खात्याचा प्रमुख म्हणाला, की सुटे भाग देणारे हल्ली रोख पैसे मोजल्याशिवाय ट्रक आत आणत नाहीत. हिशेब खात्यातला एकजण खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाला, "मॅडम, मला सगळं एकदम घेता येईल ना? विचारलं म्हणून कुठे बोलू नका." मग तिने कंपनीचे छापील ताळेबंद मागवले आणि काकांपुढे टाकले. काकांनी दोन दिवस ते वाचले.

"विक्री दिसतेय, पैसा दिसत नाही," ते म्हणाले. "बिल्डरांनी थकवलंय आणि हे कर्ज काढून पगार करतायत. आतून पोखरलंय गं सगळं."

निवृत्त होणाऱ्याला कंपनी दोन वाटा देत होती. मागे ठेवलेला पगार निवृत्तीच्या दिवशी एकरकमी घ्या. मग एकाच वर्षात सगळं उत्पन्न आल्यामुळे कर सणसणीत बसेल. नाहीतर दहा वर्षं हप्त्यांनी घ्या. कर कमी, वर व्याज. निवड एकदाच, नंतर बदल नाही. कागदावर हप्ते केव्हाही सरस. पण हा पैसा कुठे वेगळा ठेवलेला नव्हता. तो कंपनीच्याच पोटात होता. कंपनी बुडाली, तर निवृत्त साहेब बाकीच्या घेणेकऱ्यांच्या रांगेत, तेही शेपटाला.

मधलीने प्रत्येकाला एकच सांगितलं. कर भरा, पैसे उचला, बाहेर पडा. सगळ्यांनी ऐकलं.

मग बगळा आला.

आता तो उपाध्यक्ष होता. मालकाच्या मुलाने कारभार हातात घेतला होता आणि बगळ्याला मोठी खोली देऊन फायलींपासून दूर ठेवलं होतं. ती खोली म्हणजे मान आहे अशी त्याची समजूत होती. शर्ट तसाच पांढरा. त्याने तिला ओळखलं नाही. लग्नानंतरचं आडनाव, मधे गेलेली वर्षं, आणि स्वयंपाकघराच्या दारातल्या मुलीकडे त्याने पाहिलंच कधी होतं? ती त्याच्यासमोर बसली आणि पहिली काही मिनिटं तिला त्याचे शब्द ऐकूच आले नाहीत. तिचं सगळं लक्ष त्याच्या हाताकडे होतं. टेबलावर निवांत पडलेला, निगा राखलेला तो हात एकदा बाबांच्या गुडघ्यावर होता.

"तुम्ही सगळ्यांना एकरकमी घ्यायला लावताय म्हणे," तो मिस्कीलपणे म्हणाला. "माझी माणसं घाबरवलीत तुम्ही. ही कंपनी मी उभी केलीय, मॅडम. मी गेल्यावरही पन्नास वर्षं चालेल."

"तुमचे आकडे बघते. दुसऱ्या बैठकीत लेखी सल्ला देते."

तो गेल्यावर तिने काकांना सगळं सांगितलं. मनोरा, राजीनामा, स्वागतकक्ष. काका चष्मा पुसत ऐकत राहिले.

"म्हणून ती भिकार फी."

"म्हणून."

"हे बघ. त्याला हप्ते घ्यायला सांगायचा मोह तुला होणार. मलाही झाला असता. पण खोटा सल्ला दिलास, तर त्याच दिवशी मी बाहेर. दारावरच्या पाटीवर तू एकटी."

मधलीला मोह झाला होताच. सगळा आठवडा ती मनातल्या मनात ते खोटं वाक्य घोटत होती. पण त्यात एक खोट तिला टोचत होती. खोटं सांगून बुडवलं, तर बगळा आयुष्यभर म्हणणार, मला फसवलं. त्याला बिचारं व्हायची सोय राहणार. ती सोय तिला ठेवायची नव्हती. त्याने बुडावं ते स्वतःच्या हाताने, आणि ते त्याला कळावं. एका सकाळी दात घासताना तिला सुचलं आणि ती आरशासमोर तोंडात फेस तसाच ठेवून उभी राहिली.

"काका," ऑफिसात आल्या आल्या ती म्हणाली, "मी त्याला खरंच सांगणार आहे. एक शब्द इकडचा तिकडे करणार नाही."

काकांनी सुटकेचा श्वास सोडला. "शहाणी माझी."

दुसऱ्या बैठकीला मधली जीव ओतून बोलली. कुठल्याही अशिलासाठी तिने एवढी मेहनत घेतली नव्हती. ताळेबंदाची पानं उघडून तिने थकलेली येणी दाखवली, वाढत गेलेलं कर्ज दाखवलं, कर भरूनही हातात किती राहील आणि त्यात तो आणि त्याची बायको किती आरामात राहतील ते दाखवलं.

"हप्ते म्हणजे फक्त वचन आहे," ती म्हणाली. "कंपनी टिकली तर पैसे. नाही टिकली तर काही नाही. माझा स्पष्ट सल्ला आहे, एकरकमी घ्या. या महिन्यात घ्या."

बगळा सुरुवातीला हसत होता. मग त्याने पान स्वतःकडे ओढलं. बोटाने एकेक ओळ खाली येत गेला.

"मला हे कुणी दाखवलं नाही," तो स्वतःशीच पुटपुटला. जरा वेळाने म्हणाला, "ठीक आहे. तुमचं पटतंय." त्याने खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि एकरकमीच्या चौकोनावर टेकवलं.

"एक मिनिट," मधली म्हणाली. "सही करायच्या आधी एक गोष्ट तुमच्या कानावर घालायची राहिली. अशिलाशी जुना संबंध असेल तर तो सांगावा, असा आमच्या धंद्याचा नियमच आहे."

"कसला संबंध?"

तिने बाबांचं नाव सांगितलं. "कारखान्याचे प्रमुख होते. मी त्यांची मधली मुलगी. तुम्ही राजीनामा घ्यायला घरी आलात तेव्हा मी तिथेच उभी होते. बाकीचं मी बघतो, म्हणाला होतात."

पेन टेकल्या जागी थांबलं. बगळ्याच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ आला, मग ओळख, आणि मग हळूहळू, तिने मनात शंभरदा पाहिलं होतं तस्संच, हसू आलं. शहाण्या माणसाचं, डाव पकडल्याचं हसू.

"अस्सं. म्हणजे असं आहे तर," तो खुर्चीत मागे रेलला. "माझ्या निम्म्या पैशांवर कराचा बोळा फिरवायचा, आणि मी बाहेर पडून तुमच्या नावाने टाळ्या वाजवायच्या. छान रचलंत हो. ताळेबंदसुद्धा छान रंगवलात."

"ताळेबंद तुमच्याच कंपनीने छापलाय. सल्ला खरा आहे. आत्ताही तोच देतेय. एकरकमी घ्या."

"तुमचे वडीलही असेच होते. ब्रेक, ब्रेक, ब्रेक. सगळीकडे धोका दिसायचा त्यांना."

मधलीने ताळेबंदाचं पान पुन्हा त्याच्याकडे सरकवलं. "तिसऱ्यांदा सांगते. एकरकमी घ्या. वाटल्यास दुसऱ्या सल्लागाराला विचारा. आठ दिवस थांबा."

"काही गरज नाही." त्याने दहा हप्त्यांच्या चौकोनात खूण केली, इतकी जोरात की कागद टोचला गेला. सल्ला एकरकमीचा मिळाला असून आपण तो नाकारतो आहोत, या ओळीखालीही त्याने ऐटीत सही केली. दाराशी वळून म्हणाला, "वडिलांना सांगा, बगळा अजून उडतोय." म्हणजे कारखान्याने ठेवलेलं नाव त्याला माहीत होतं.

आतल्या खोलीत काका सगळं ऐकत होते. ते बाहेर आले.

"तो संबंध पहिल्या बैठकीतच सांगायचा असतो," ते म्हणाले.

"हो."

"पेन टेकेपर्यंत थांबलीस."

"हो, काका."

त्यांनी ऑफिस सोडलं नाही. पण त्या दिवसापासून ते तिला "शहाणी माझी" म्हणाले नाहीत.

बगळ्याला पहिला हप्ता मिळाला. दुसऱ्याच्या आधी कंपनीचं दिवाळं निघालं. कर्ज देणाऱ्या बँकांनी कारखान्याला कुलूप लावलं. कामगारांचा भविष्यनिधी सरकारकडे वेगळा होता, तो वाचला, नोकऱ्या गेल्या. अपघातात ज्याचा पाय गेला होता त्या फिटरचा मुलगा तिथेच कामाला होता. त्याची बातमी कळली त्या दिवशी मधलीला जेवण गेलं नाही, पण तिचा त्यात हात नव्हता, आणि तिने स्वतःला तसं सांगितलं. आधी निवृत्त झालेल्या अधिकाऱ्यांनी तिला पेढीवर येऊन हार घालायचंच काय ते बाकी ठेवलं. बगळा घेणेकऱ्यांच्या यादीत शेवटून चौथा होता.

तो आला तेव्हा बरोबर त्याची बायको होती. बारीक, सावळी, नीटनेटकी बाई. बगळा चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंतच ओरडायला लागला होता.

"तुमचं लायसन्स घालवतो! तुम्ही मला फसवलंत!"

काकांनी मुकाट्याने सही केलेल्या सल्ल्याची प्रत त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती वाचली. प्रत्येक शब्द खरा होता आणि खाली त्याची ऐटदार सही होती. तो एकदम मागे सरून खुर्चीत बसला. ओरडणं थांबलं. मधली त्याच्याकडे बघत राहिली. तिने एक क्षणही नजर काढली नाही. कित्येक वर्षांची तहान ती घोट घोट भागवत होती.

"मी तीनदा सांगितलं होतं," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मी ऐकणार नाही हे तुला माहीत होतं."

"माझे बाबा ब्रेकचं सांगायचे, तेव्हा तुम्ही ऐकणार नाही हे त्यांनाही माहीत होतं. तरी सांगत होते."

तो उठला आणि जिन्याकडे गेला. बायको मात्र जागची हलली नाही. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून ती मधलीसमोर उभी राहिली.

"एकच विचारते. तुम्ही कोण ते सांगितलं नसतंत, तर यांनी एकरकमी घेतले असते?"

मधलीला खोटं बोलता आलं असतं. "हो," ती म्हणाली. "पेन टेकलं होतं कागदावर."

बाईंनी मान हलवली. "मला दोन खोल्यांचं घर भाड्याने बघायचंय. मोठं घर विकावं लागेल. त्या पैशात आम्ही दोघं किती वर्षं काढू, हे सांगणारं कुणीतरी हवंय. तुमच्याकडे येणार नाही. पण हिशेबाचं माणूस चांगलं असेल तर नाव सांगा."

काकांनी एका कागदावर नाव लिहून दिलं. बाईंनी आभार मानले, काकांचेच.

मधली त्या दिवशी लवकर घरी गेली. हल्ली तिच्याकडेच राहणारे बाबा गॅलरीत बसले होते. तिने स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं, पहिल्या बैठकीपासून. बाबांचे खांदे हळूहळू सरळ होत गेले. ती थांबल्यावर ते म्हणाले, "पेन कागदावर होतं?"

"होतं."

"आणि मग तू माझं नाव घेतलंस."

"घेतलं."

बाबा हसले. मोठ्याने, मनोऱ्यातल्या त्या रविवारांसारखे. शेजारच्या गॅलरीतल्या बाईने वाकून बघितलं. "पुन्हा सांग," ते म्हणाले. "तो खुर्चीत कसा बसला ते सांग."

तिने पुन्हा सांगितलं. आतून नवऱ्याने जेवायला हाक मारली, दोघंही उठले नाहीत. बाबांच्या डोळ्यांत कधी न पाहिलेली चकाकी होती आणि ते खुर्चीच्या अगदी कडेवर आले होते.

"आणि शेवटी? शेवटी तोंड कसं झालं त्याचं? रडला का?"

मधलीने त्यांच्याकडे पाहिलं. बगळा रडला नव्हता.

"रडला, बाबा," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर."

"सुरुवातीपासून सांग," बाबा म्हणाले.